वाघ अगदी जवळ आला की कोणती लेन्स, काय सेटिंग? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात ताडोबा कोअरच्या (जंगलाच्या गाभ्याच्या) सफारी बुक झाल्या आहेत. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १५०-६०० मिमी झूम लेन्स आहे. लांबच्या वाघासाठी ही जोडी झकास. अडचण जवळच्या वाघाची. मागच्या खेपेला सांबराचा कॉल (धोक्याचा इशारा) ऐकून गाइडने जिप्सी वळणावर थांबवली, तर बांबूतून वाघीण निघाली आणि रस्त्याने सरळ आमच्याकडेच चालत आली. थोडी पुढे येऊन आडवी वळली तेव्हा झूम १५० वर आणूनही शेपूट मावेना. नुसता चेहरा घेतला तर डोळे शार्प, नाक मऊ (धूसर). त्यात भुवयांवरचा पांढरा भाग पार उडालेला (जास्त उजेडाने तपशील गेलेला).

दुसऱ्या कॅमेरा बॉडीवर ७०-२०० लावून न्यावी का? (त्या धुळीत लेन्स बदलायची हिंमत नाही.) शटर स्पीड किती ठेवता? आणि भरलेल्या जिप्सीत कोणी ना कोणी हलतंच, तिथे बीन बॅगचा (लेन्स टेकवायच्या पिशवीचा) काही उपयोग होतो का? मोबाइलचा पर्याय कृपया सुचवू नका, कोअरमध्ये नेऊ देत नाहीत.

प्रतिसाद १

७०-२०० न्याच. एनटीसीएच्या (राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचं असतं. तेवढ्या अंतरावर तुमच्या सेन्सरला १५० मिमीवर जेमतेम ३ मीटर रुंदी दिसते, आणि मोठा वाघ शेपटीसकट जवळपास तेवढाच भरतो. वाघ स्वतःहून आणखी जवळ आला तर शेपूट जाणारच. ७० वर साडेसहा मीटर मिळतात, म्हणजे वाघही येतो आणि त्याचं जंगलही.

नाकाचं म्हणाल तर २० मीटरवर ६०० मिमी, एफ ६.३ ला डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) मिळते वीतभर, फार तर थोडी जास्त. समोरून बघणाऱ्या वाघाचं नाक आणि कान दोन्ही त्यात बसत नाहीत. अ‍ॅपर्चर लहान करून एफ ८ करून बघा, पण पहाटेच्या उजेडात परवडेलच असं नाही. डोळा शार्प असेल तर नाकाकडे मी तरी दुर्लक्ष करतो.

खरं सांगू का, जवळचा वाघ मला फोटोसाठी फारसा आवडत नाही. जिप्सीत उभं राहिलं की आपण त्याच्या डोळ्यांपेक्षा बरेच वर असतो. १० मीटरवर त्याची पाठच जास्त दिसते. तोच ३० मीटरवर असला की कोन निम्म्याहून कमी होतो आणि नजरेला नजर मिळते. बसून काढा, आणखी फरक पडेल.

प्रतिसाद २

चालत्या वाघाला १/८०० सेकंदाच्या खाली जात नाही. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत मोकळा सोडा. नॉइज (दाणेदारपणा) नंतर काढता येतो, हललेला फोटो नाही. पाणवठ्यात बसलेला असेल तर १/२५० पण चालतं. मागे गर्द बांबू असला की मीटर फसतो आणि पांढरं उडतं, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन मायनस ०.७ वर ठेवा. उजेड वाघाच्या पाठीमागून येत असेल तेव्हा मात्र हे उलटं करायचं, विसरू नका.

बीन बॅग जरूर न्या, रिकामी नेऊन तिथे तांदूळ भरा. इंजिन चालू असेल तर मात्र तिचा काही उपयोग नाही, सगळी थरथर लेन्समध्ये येते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! एक राहिलं. सोबतचे लोक ड्रायव्हरला "अजून थोडी पुढे घ्या" म्हणत राहतात, त्यांचं काय करायचं?

प्रतिसाद १

गेटमधून आत शिरायच्या आधीच ड्रायव्हर आणि गाइडशी बोलून घ्या: वाघ दिसला की इंजिन बंद, आणि त्याच्या वाटेत गाडी नको. ऐन सायटिंगला कोणी कोणाचं ऐकत नाही. वाघाला रस्ता ओलांडायला जागा मोकळी असली की तो बहुतेक वेळा आपल्या चालीने येतो. गाडी आडवी घातली तर जंगलात वळतो, आणि मग सगळ्यांच्या कार्डात नुसता बांबू.