गावातल्या गे पोराला सिनेमात गाव सोडायलाच का लावता?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

दोन पुरुषांच्या प्रेमावरच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हापासून आमच्याकडच्या लघुपट करणाऱ्या पोरांमध्ये गावातला गे मुलगा हा विषय सारखा निघतो. यवतमाळ-अमरावतीकडची मुलं आहेत, मनापासून लिहितात. त्यांच्या काही पटकथा वाचल्या. मुलगा पंधरा-सोळाचा. वर्गातल्या एकावर जीव जडतो, कुणाला तरी कळतं, मार बसतो. शेवटी एसटीची खिडकी, मग नागपूर किंवा पुणे. संपलं.

माझा आक्षेप त्या एसटीवर आहे. मोठं होणं म्हणजे गावातून निघून जाणं, हे या कथांनी न तपासता धरून टाकलंय. पाच एकर कोरडवाहू असलेल्या घरातला एकुलता एक पोरगा असा सहज निघत नाही. बाप थकला की फवारणी त्याच्याकडे येते, सोयाबीन सोंगायला तोच लागतो, उद्या सातबाऱ्यावर नावही त्याचंच चढणार. त्याला शेती आवडतही असेल! गे असल्यानं ते सगळं आपोआप तुटतं, असं का मानायचं?

दुसरं, एकटेपणा. पडद्यावर तो कसा येतो? लांबून घेतलेलं रिकामं शेत, मधोमध एक पोरगा. पण विदर्भातल्या खेड्यात सोळा वर्षांचं पोट्टं एकटं असतंच कधी? उन्हाळ्यात सगळं घर अंगणात ओळीनं खाटा टाकून झोपतं. पानटपरीवर, पारावर, नळावर, जिथं उभा राहील तिथं ओळखीचं माणूस. मोबाईल म्हणायला त्याचा, पण त्यावरून आई मामाशी बोलते आणि चुलत भाऊ गेम खेळतो, म्हणून जे पाहिलं ते लगेच पुसायचं. रडायला संडासाशिवाय जागा नाही. चोवीस तास माणसांत राहून त्यातल्या एकालाही सांगता न येणं, हा त्याचा एकटेपणा आहे. तो दाखवायला फ्रेम माणसांनी भरलेली हवी.

'मूनलाइट' (२०१६) हा अमेरिकन सिनेमा मला याच कारणासाठी मोठा वाटतो. त्यातला गे मुलगा शायरन मायामीच्या ज्या वस्तीत मार खातो, त्याच वस्तीतला एक ड्रग्ज विकणारा माणूस त्याला समुद्रात पोहायला शिकवतो. पुढे शायरन अटलांटाला जातो तो आणखी कठोर होऊन, तोंड मिटून. त्याची गाठ सुटायला लागते ती तो गाडी काढून परत मायामीला, शाळेतल्या मित्राकडे, केविनकडे जातो तेव्हा.

दारव्हा ते कोथरूड

धागा वाचून राग आला, म्हणून लिहितोय.

मी गे आहे. तिशी ओलांडली. दहावीपर्यंत गावात शिकलो, पुढची दोन वर्षं तालुक्याला जाऊन-येऊन. 'बायल्या' म्हणूनच हाक यायची आणि शिकवणारेही हसायचे. घरच्यांनी आधी एका महाराजाकडे नेलं, मग जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरकडे. त्यानं गोळ्या दिल्या, दिवसभर झोप यायची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले 'उपचार' २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. माझी शाळा या दोन्हींच्या कितीतरी आधी संपली होती.

पुण्यात भाड्याची खोली घेतली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी लावता येईल असं दार मला मिळालं. तुम्ही त्याला पटकथेतला आळस म्हणता. माझ्यासाठी ते जगणं होतं. गावात राहून लढण्याची कथा लांबून सुंदर दिसते, पण लढणारा सोळा वर्षांचा असतो आणि समोर सगळं गाव असतं. सिनेमा पाहणाऱ्या अशा एखाद्या पोराला 'तू इथंच राहा' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

वऱ्हाडी गडी

पऱ्हाटी भाऊ, राग नोका मानू. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये हाये, अन् व्यापारी गावात येऊन त्याच्या खाली मागते. पोट्टे फाशी घेऊन रायले. ह्या असल्या विषयावरचा पिच्चर पाहाले गावात कोन बसनार हाये? आमच्या दुखन्यावर पयले बनवा. हे मुंबई-पुन्याचं खूळ हाये, आमच्याकडं असं काई नसते.

पऱ्हाटी

काका, कापसावर सिनेमा यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण 'आमच्याकडे नसते' हे मी ऐकून घेणार नाही. वर दारव्ह्याचा माणूस स्वतःचं लिहून बसलाय. जवान पोरगा गेला की गाव दुसऱ्या दिवशी कारण ठरवून मोकळं होतं: कर्ज, परीक्षा, नाहीतर पोरीचं लफडं. चौथं कारण कुणी विचारतच नाही. कर्ज असलेल्या घरातही हा पोरगा असतो. त्याच्यावर दोन्ही ओझी आहेत.

वैनगंगाकाठ

मी झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातला. आमच्याकडे दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्यांची नाटकं सुरू होतात, होळीपर्यंत चालतात, अख्खं गाव रात्रभर बसतं. दंडार आणि खडी गंमत या आमच्या लोकनाट्यांत पुरुषानं लुगडं नेसून नाचणं आम्ही लहानपणापासून पाहिलं. त्याच्यावर शिट्ट्या पडतात, बिदागी मिळते, म्हातारे लोक त्याच्या ठेक्याचं कौतुक करतात. असं काही दिसलं की खेडं बिथरतंच, हे मला पटत नाही. इथल्या दिग्दर्शकाला कथा सुरू करायला एवढी चांगली जागा दुसरी कुठं मिळणार?

दारव्हा ते कोथरूड

दादा, मंडप सुटला की त्याच नाचणाऱ्याला दिवसा काय म्हणतात, तेही लिहा. रात्रीपुरती मिळालेली मोकळीक ती. शिवाय प्रत्येक गे पोरगा बायकी असतो, ही समजूत यानं आणखी घट्ट होते. मी ज्याच्यावर जीव लावला तो कबड्डीत चढाई करायचा, मिशी पिळायचा. दंडारीशी त्याचा काही संबंध नव्हता.

वैनगंगाकाठ

दिवसा काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते वाईट आहे. कथा तिथंच आहे असं माझं म्हणणं. दुसरा मुद्दा मान्य.

सावनेरची लेक

तुमच्या सगळ्या चर्चेत एक बाई गायब आहे. हा पोरगा गावात राहिला की चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी त्याचं लग्न लावतील. त्या मुलीचं काय? माझ्या नात्यात असं घडलंय. सहा वर्षं तिला वाटत राहिलं की आपल्यातच काही खोट आहे, सासू तिलाच औषधं आणून द्यायची. पऱ्हाटीदादा, तुमच्या जमिनीवर प्रेम करणाऱ्या नायकाच्या शेजारी या मुलीला उभं करा आणि मग सांगा, एसटी बरी की नाही.

पऱ्हाटी

ताई, या प्रश्नाला पळवाट काढणार नाही. ते लग्न कथेत आलंच तर तिचं दुःख दुय्यम ठेवता येणार नाही.

पण एक गोष्ट आपल्या भागात बदलली आहे आणि ती अजून कुठल्या पटकथेत आलेली मी पाहिली नाही. शेती करणाऱ्या पोराला आता मुलगीच मिळत नाही. गावागावात पस्तिशीपर्यंतचे बिनलग्नाचे गडी आहेत, लोकांना त्याचं नवल राहिलेलं नाही. 'नोकरी नाही, कोण देणार पोरगी' एवढ्यावर विषय संपतो. ज्याला लग्न नकोच आहे त्याला या आडोशाला उभं राहता येतं. 'साबर बोंडं'मधला आनंद शहरातून येतो, बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी. पण बाळ्या गावातच शेती करतो आणि लग्न टाळत राहतो. तो प्रदेश आपला नाही आणि ते दोघं वयानं मोठे आहेत. मला बाळ्याची सोळाव्या वर्षीची गोष्ट हवी आहे, आपल्या मातीतली.

जि. प. गुरुजी

वाद चांगला चाललाय, पण हा सिनेमा तो पोरगा पाहणार कसा? सेन॑सॉरचं 'ए' प्रमाणपत्र मिळालं की अठराच्या आतल्याला थिएटरात प्रवेशच नाही. २०२३ च्या दुरुस्तीनं 'यूए १६+' हा वर्ग आला आहे. चुंबन अर्ध्या मिनिटाचं ठेवायचं की त्या वर्गात बसेल असं लिहायचं, हे लेखकानं आधी ठरवावं. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात उघडपणे दाखवता आला तर शंभर पोरांपुढे त्या एकाला ओळख न देता बसता येईल.

दारव्हा ते कोथरूड

गुरुजी, त्या शंभरांतल्या कुणी हसलं की तो एक मान खाली घालणार. आधी शिक्षकांना दाखवा, मग पोरांना.

आणि पऱ्हाटीदादा, बिनलग्नाच्या गड्यांचा मुद्दा मला नवा होता, पटला. पण आडोसा म्हणजे जगणं नाही. राहणाऱ्याचा सिनेमा काढायचा तर एवढं सांगा: तो दुसऱ्या पोराला भेटतो कुठं? तुम्हीच म्हणालात, तिथं एकांत नाही.

पऱ्हाटी

जागलीवर. रानडुकरं आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) हरभरा राखायला थंडीत पोरांनाच पाठवतात, आणि एकट्याला कुणी पाठवत नाही, दोघं जातात. ओलिताची लाईटही बऱ्याचदा रात्रीच येते. मचाण, शेकोटी, बॅटरी, सकाळपर्यंत कुणी फिरकत नाही आणि घरचेच पाठवतात. गावानं स्वतःच्या हातानं दिलेला एकांत आहे तो. माझी पटकथा तिथं सुरू होते.

दारव्हा ते कोथरूड

जागल मला माहीत आहे, मीही केली आहे. हरभरा निघाला की ती संपते, मार्चच्या आतच. पुढचे महिने तो त्याच पारावर त्याच पोराच्या शेजारी बसून अनोळखी असल्यासारखा वागणार. ते महिने लिहा. तुमचा मुलगा त्यातून तिथंच राहून निघाला आणि मला ते खरं वाटलं, तर एसटीचा हट्ट मी सोडतो.