ॲडिसनच्या आजारात उलटी झाल्यावर गोळी द्यावी की इंजेक्शन?

वैदर्भी (अकोला):
माझ्या ५८ वर्षांच्या आईला दोन वर्षांपूर्वी ॲडिसनच्या आजाराचे निदान झाले. पूर्वी झालेल्या क्षयरोगात तिच्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या होत्या. ती हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सकाळी उठल्याबरोबर १० मिलिग्रॅम, दुपारी ५ आणि संध्याकाळी ५ असे घेते, आणि सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोनची १०० मायक्रोग्रॅमची एक गोळी असते. गेल्या महिन्यात तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तेव्हा ‘पोटात अन्न नाही, मग स्टेरॉइड कशाला’ म्हणून घरच्यांनी दोन वेळच्या गोळ्या टाळल्या आणि रात्रीपर्यंत तिला उभेही राहता येईना. अशा वेळी घरी नेमके काय करावे? शिवाय ती एकादशी सोडत नाही, आणि शेजारी मीठ कमी करा म्हणतात.

जुना रुग्ण:
गोळ्या टाळल्या, तिथेच घात झाला. आजारपणात निरोगी शरीर कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथींचे संप्रेरक, ज्याची जागा हायड्रोकॉर्टिसोन घेते) वाढवते. आपल्याला ती वाढ बाहेरून द्यावी लागते, म्हणून मला ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की दुप्पट आणि १०२ च्या वर गेला की तिप्पट मात्रा सांगितलेली आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती पुन्हा घ्यायची. तीही पडली, तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरील स्नायूत देऊन लगेच रुग्णालय गाठायचे. बाटलीत पूड असते आणि ती पाण्यात मिसळावी लागते, त्यामुळे ऐन वेळी हात थरथरतात. माझ्या पत्नीने संत्र्यावर सराव केला होता. पाकिटात आजाराचे नाव व मात्रा लिहिलेले कार्डही ठेवावे, कारण तातडीच्या कक्षात हे समजावून सांगण्याइतके त्राण आपल्यात उरलेले नसते.

डॉ. नि.:
वरील नियम योग्य आहेत, मात्र आपल्या डॉक्टरांकडून ते आईच्या नावाने लेखी घ्यावेत. स्टेरॉइडची भीती इथे गैरलागू आहे, कारण ही मात्रा शरीर स्वतः बनवू शकत नाही तेवढ्याचीच भरपाई करते. अल्डोस्टेरॉन या त्याच ग्रंथींच्या, मीठ टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या (फ्लुड्रोकॉर्टिसोन त्याचीच जागा घेते) अभावी लघवीवाटे मीठ निघून जाते. अकोल्याच्या उन्हाळ्यात घामाची भर पडते, म्हणून मीठ तोडू नये, आणि रक्तदाब खरोखरच वाढलेला असेल तर काय बदलायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे. निर्जळी उपवास नको. फराळ, पाणी आणि वेळेवर गोळ्या चालू असतील तर एकादशीबाबत डॉक्टरांशी बोलता येईल. क्षयाचे औषध पुन्हा सुरू झालेच, तर रिफाम्पिसिनमुळे हायड्रोकॉर्टिसोन लवकर नष्ट होते, हे आठवणीने सांगावे.

वैदर्भी:
आभारी आहे. दोन बाटल्या व सिरिंज आणल्या आहेत, आणि भाऊ उद्या परिचारिकेकडून इंजेक्शन द्यायला शिकणार आहे. इंजेक्शनने उपवास मोडतो का, एवढेच आईने विचारले आहे.