‘दिव्यांगांसाठी’ संस्था की ‘दिव्यांगांची’ संस्था?

प्रश्न (अमळनेर) : आमच्या संस्थेची माहितीपत्रिका छापायची आहे. संस्थापिका ताईंना लहानपणी पोलिओ झाला असून त्या कुबड्या वापरतात. कार्यकारिणीतही बहुसंख्य सदस्य दिव्यांगच आहेत. प्रुफाच्या पहिल्या ओळीत ‘दिव्यांगांसाठी कार्य करणारी संस्था’ असे होते. ताईंनी ‘साठी कार्य करणारी’ यावर काट मारून ‘ची’ लिहिले. हा भेद खरोखर एवढा महत्त्वाचा आहे का? शिवाय ‘अपंग’ लिहावे की ‘दिव्यांग’?

उत्तर (धुळे) : ताईंची दुरुस्ती अगदी योग्य आहे. ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययातून काम कोणाच्या हिताचे आहे एवढेच कळते, कारभार कोणाच्या हाती आहे हे कळत नाही. षष्ठीचा ‘ची’ मात्र तो हक्क सांगतो. ‘शेतकऱ्यांसाठी योजना’ आणि ‘शेतकऱ्यांची सोसायटी’ यांतला फरक आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीनेही २०१८ मध्ये हाच भेद स्पष्ट केला : दिव्यांगांची संस्था तीच, जिचे नेतृत्व आणि कारभार दिव्यांग व्यक्तींकडे असतो. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून उभी केलेली संस्था महाराष्ट्राला ठाऊक आहेच.

‘अपंग’ हा शब्द १९९५च्या कायद्याच्या मराठी नावात होता. २०१६च्या कायद्याचा उल्लेख ‘दिव्यांग’ या शब्दाने होतो आणि २०२२ मध्ये राज्याने स्थापन केलेला विभागही ‘दिव्यांग कल्याण’ याच नावाचा आहे. त्यामुळे शासकीय पत्रव्यवहारात तोच वापरावा. ‘अपंग’ म्हटले की डोळ्यांपुढे हातपायच येतात, २०१६च्या कायद्यात मात्र दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत.

पुरवणी (नंदुरबार) : वरील मताशी सहमत आहे, पण ‘दिव्यांग’ शब्दावर चळवळीतल्या अनेकांचा आक्षेप आहे, हेही नोंदवले पाहिजे. व्यंगाला दिव्यत्व चिकटवले की रॅम्प नसलेली कचेरी आणि दुभाषा नसलेली सभा नजरेआड होते, आणि २०१६च्या कायद्याची व्याख्या तर नेमकी अशा अडथळ्यांकडेच बोट दाखवते. अहिराणीत ‘पांगया उना’, ‘आंधया उना’ (पांगळा आला, आंधळा आला) असे सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण माणसाचे नाव त्यात पुसले जाते, म्हणून ‘दिव्यांग व्यक्ती’ असे लिहिणे मला अधिक बरे वाटते.

पत्रिकेत ‘समाजात सामावून घेणे’ असाही प्रयोग असेल तर तो बदलावा. सामावून घेणारा यजमान आणि दुसरा पाहुणा, असा भाव त्यात येतो, आणि जिथे ताईच सभा बोलावतात, ठराव मांडतात, हिशेबावर सही करतात, तिथे तो बसत नाही. माझ्या मते पहिली ओळ अशी असावी : ‘दिव्यांग व्यक्तींनी स्थापन केलेली व चालवलेली, सर्वांच्या समान सहभागासाठी काम करणारी संस्था.’ यातला ‘साठी’ सर्वांना लागू आहे, त्यामुळे तो राहू द्यावा.