बाबांना शुगर आहे, एलडीएल 'नॉर्मल' आलंय, तरी स्टॅटिन कशाला?

धाकटी:
बाबा 61 चे, टाइप टू डायबेटीस 9 वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, हार्टचा त्रास आजवर काही नाही. मागच्या आठवड्यात लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) केलं, टोटल 206, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 118, एचडीएल (चांगलं) 36, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 260, आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 8.4. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन 10 (स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लिहून दिली. आता रिपोर्टवर एलडीएल 130 च्या आत म्हणजे नॉर्मल असं छापलंय, ठळक अक्षरात काय आलंय तर ट्रायग्लिसराइड, मग गोळी एलडीएलची का? काका म्हणतात फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारी, फायब्रेट गटातली गोळी) घे, त्यांना तीच चालू आहे. त्यात बाबांनी कुठंतरी वाचलं की स्टॅटिनने शुगर वाढते, झालं, पाकीट तसंच पडून आहे. "आधीच शुगर, वर अजून वाढवणारी गोळी कशाला" म्हणतात आणि खरं सांगायचं तर मलाही काय बोलावं कळत नाही.

ओपीडीतून:
मी फिजिशियन आहे, पण पेशंट न बघता बोलतोय हे धरूनच वाचा. रिपोर्टवरची रेंज सगळ्यांना एकच छापलेली असते, समोरच्याला डायबेटीस आहे की नाही ते त्या कागदाला कुठून कळणार. 40 ते 75 वयात डायबेटीस असेल तर स्टॅटिन सुरू करायचं ते एकूण जोखीम बघून, एलडीएल किती 'वाढलंय' ते बघून नाही. 2004 साली कार्ड्स ट्रायल आली, 2800 च्या वर डायबेटीसचे पेशंट, हार्टचा आजार नसलेले, आणि गंमत म्हणजे त्यांचं सरासरी एलडीएल 117 च्या आसपास, म्हणजे तुमच्या बाबांसारखंच. अर्ध्यांना अटोरवास्टॅटिन 10, अर्ध्यांना नुसती डमी गोळी. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना 37 टक्क्यांनी कमी झाल्या आणि फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल ठरल्यापेक्षा जवळपास 2 वर्षं आधीच थांबवली.

दुसरं, टोटलमधून एचडीएल वजा करा, 170 येतं, हे नॉन-एचडीएल, म्हणजे चांगलं सोडून बाकी सगळं कोलेस्टेरॉल. ट्रायग्लिसराइड चढलेलं असलं की एलडीएलचे कण बारीक आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे 118 दिसायला साधं वाटतं तेवढं साधं नसतं. शुगर अधिक बीपी म्हटलं की एलडीएल 70 च्या आत, नॉन-एचडीएल 100 च्या आत आणायचं बघतो. रोसुवा 10 ने एलडीएल साधारण 45 टक्के उतरतं, म्हणजे हिशोबाने 65 च्या आसपास. डोस बरोबर वाटतोय मला.

शुगरचं म्हणाल तर ती वाढते, खोटं नाही, पण आधीच डायबेटीस असलेल्यांत एचबीएवनसीत सरासरी 0.1 च्या आसपास. 8.4 चं 8.5 होईल म्हणून हार्टचं संरक्षण सोडायचं? ते 8.4 खाली आणायचं काम वेगळं, ते तर करायचंच आहे.

काकांची_बाजू:
मग 260 ट्रायग्लिसराइड तसंच सोडून द्यायचं का? मला फेनोफायब्रेटने 3 महिन्यांत अर्ध्यावर आलं होतं.

ओपीडीतून:
आकडा उतरतो हो, त्यावर वादच नाही, अटॅक कमी होतात का हा प्रश्न आहे. 2010 च्या अकॉर्ड ट्रायलमध्ये डायबेटीसवाल्यांना स्टॅटिनवर फेनोफायब्रेट जोडून पाहिलं, एकंदरीत फायदा दिसला नाही, पण ट्रायग्लिसराइड जास्त नि एचडीएल कमी अशा छोट्या गटात थोडी आशा वाटली. मग 2022 ला प्रॉमिनंट ट्रायलमध्ये नेमके तसेच 10 हजारांच्या वर पेशंट घेतले, दुसरं फायब्रेट दिलं, ट्रायग्लिसराइड चांगलं उतरलं आणि हार्टच्या घटना होत्या तिथंच. मीही आधी बऱ्याच जणांना लिहून द्यायचो, आता हात आखडता घेतो. 500 च्या वर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, तेव्हा फायब्रेट हवंच. तुम्हाला कितीवर दिलं होतं माहीत नाही, त्यामुळे तुमचं बंद करा असं अजिबात म्हणत नाहीये. 260 वाल्याची आधी शुगर आवरा, दारू असेल तर बंद, वजन बघा, थायरॉइड तपासा. बऱ्याचदा एवढ्यानेच खाली येतं.

गोळीवाला:
मेडिकल स्टोअर चालवतो, माझे दोन पैसे. एलडीएल 70 च्या आत नाही आलं तर लोक लगेच डोस डबल करून मागतात, पण स्टॅटिन डबल केलं की जेमतेम 6 टक्के अजून उतरतं, त्यापेक्षा डॉक्टर इझेटिमाइब 10 (कोलेस्टेरॉलचीच, पण वेगळ्या प्रकारची गोळी) जोडतात, त्याने अजून 20 टक्के जातं. रोसुवा सकाळी रात्री कधीही चालते, रोज घेणं महत्त्वाचं. आणि जेमफिब्रोझिल नावाचं फायब्रेट स्टॅटिनसोबत घेऊ नका, स्नायूंना त्रास होऊ शकतो.

शुगर_चौदावं_वर्ष:
ताई, मी पण गोळीच्या पाकिटातलं दुष्परिणामांचं पत्रक वाचून पाय दुखवून घेतले होते 😅 पहिल्याच आठवड्यात, दोनदा गोळी सोडली. 2020 च्या सॅमसन अभ्यासाचं डॉक्टरांनी सांगितलं, स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने डमी, तर त्रासातला 90 टक्के भाग डमीवरही तसाच. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा पत्रक न वाचता फेकलं. पण खरंच स्नायू खूप दुखले किंवा लघवी गडद झाली तर मात्र थांबवा आणि लगेच दाखवा.

धाकटी:
बाबांना कार्ड्सचं वाचून दाखवलं, 117 ऐकून जरा गप्प झाले, संध्याकाळी पाकीट उघडलं. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) 1.1 आहे, थायरॉइड मात्र कधी केलेलंच नाही. परत लिपिड कधी करायचं?

ओपीडीतून:
6 ते 8 आठवड्यांनी. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) त्याच्या आधीच करून घ्या, थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्टॅटिनने अंगही जास्त दुखतं.