मदत हवी आहे: तीन कॅमेरे, तीन फ्रेम रेट आणि तबल्यावरचा हात

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. एका ज्येष्ठ तबलजींकडे गेली अकरा वर्षं शिकते. गुरुजी आता ७८ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका छोट्या सभागृहात त्यांचं तीनतालातलं स्वतंत्र वादन आम्ही शिष्यांनी रेकॉर्ड केलं. पेशकार, कायदे, रेले (सलग जलद बोलांचा भाग), शेवटी गती आणि तिहाई, सगळं मिळून ४६ मिनिटं, मध्ये खंड नाही. पेटीवर लेहरा (साथीला फिरत राहणारी धून). हे पुन्हा वाजवा असं त्यांना सांगायची आमची हिंमत नाही आणि तशी वेळही आणायची नाहीये.

साधनं जमवाजमव करून आणलेली:
समोर माझा कॅमेरा, सेकंदाला २५ फ्रेमवर (हाच फ्रेम रेट). मागच्या भिंतीपाशी, साधारण ४५ फुटांवर, मित्राचा कॅमेरा. तो लग्नाच्या कामासाठी २३.९८ वर लावलेला होता आणि तसाच राहिला. तबल्याशेजारी छोट्या स्टँडवर फोन, फक्त हातांसाठी, ३० वर. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ, तो उत्तम आलाय.

अडचण अशी. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २५ च्या टाइमलाइनवर सगळं लावलं. फोनचं चित्र सुरुवातीला आवाजाशी चपखल बसतं, पण २० व्या मिनिटाला हात ३ फ्रेम पुढे गेलेला दिसतो आणि ४२ व्या मिनिटाला ९ फ्रेम. शिवाय रेल्यात हात गचके खातो. मागच्या कॅमेऱ्यात वेगळंच, तिथे हात पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलाच्या एक फ्रेम आधी पडतो.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं काहींनी विचारलं म्हणून सांगते. रेल्याची लय मिनिटाला २०० मात्रांच्या आसपास आहे, मात्रेला चार बोल. म्हणजे एका बोलाला ७५ मिलिसेकंद. २५ च्या टाइमलाइनवर ९ फ्रेम म्हणजे ३६० मिलिसेकंद, जवळजवळ पाच बोल! ‘तिरकिट’मधला ‘कि’ ऐकू येतो तेव्हा बोटं भलत्याच अक्षरावर असतात. हे चित्रण शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. कुठलं बोट कुठे पडतं हे ती यातच बघणार आणि चुकीचं बघून चुकीचंच बसवणार.

फ्रेम रेट वेगळे असल्यामुळेच सिंक (चित्र आणि आवाजाचा मेळ) सरकतंय का? सगळं २५ वर बदलून घेऊ का? क्लिप आत आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, त्यामुळे आता नव्याने सुरुवात करायच्या आधी विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, मी लग्नाची शूटिंग करतो, गडहिंग्लज भागात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ च धरायचं. फोनच्या क्लिपला ऑप्टिकल फ्लो लावा, सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः बनवतं, गचके जातील.

धागाकर्ती

दादा, ते करून बघितलं. पेशकारात बरं दिसतं, पण रेल्यात बोटं एकमेकांत वितळतात, मधली आणि अनामिका वेगळी दिसतच नाहीत. नकली फ्रेम मला चालणार नाहीत.

प्रतिसाद २

ताई, तुमच्याकडे तीन वेगवेगळे दोष आहेत आणि तुम्ही तिघांचं खापर फ्रेम रेटवर फोडताय. फ्रेम रेटचा दोष फक्त एक, गचके.

३० चं चित्र २५ मध्ये बसवताना दर सहावी फ्रेम टाकली जाते. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर पाचात सहा बसवायचे आणि एक बोल गाळायचा, सेकंदाला पाच वेळा. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते कळत नाही, रेल्यातल्या बोटांवर लगेच कळतं. म्हणून टाइमलाइनचा रेट बहुमताने किंवा सवयीने ठरवू नका. ज्या कॅमेऱ्यातली हालचाल सगळ्यात मोलाची, त्याचा रेट घ्या. तुमच्या बाबतीत तो फोन. टाइमलाइन ३० ची करा. मग समोरच्या कॅमेऱ्याची दर पाचवी फ्रेम दोनदा दिसेल, मागच्याच्या सेकंदाला सहाएक फ्रेम दोनदा दिसतील, पण हातांची एकही गळणार नाही. इंटरनेटवर टाकायला ३० ला काही अडचण नाही. ऑप्टिकल फ्लो बंद ठेवा. २३.९८ चा वेग वाढवून २५ करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, चित्र चार टक्क्यांहून जास्त पळेल आणि आवाजाशी जुळायचंच नाही.

आता सरकण्याचं. २५ ची आणि ३० ची क्लिप, दोन्हींत तासाचा तासच असतो. फोन मात्र बहुधा एकसारखा ३० ने रेकॉर्ड करत नाही, उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो. मध्ये कधी दिवे मंद केले होते का? मूकपटांच्या काळात, आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या वेळी, कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत, त्यामुळे फ्रेमचा वेग फिरवणाऱ्याच्या लयीवर असे. तुमच्या फोनची लयही अशीच बदलती आहे आणि एडिटिंग सॉफ्टवेअर ती स्थिर धरून चाललंय. मूळ क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढा, फ्रेम रेट ३०, पर्याय ‘कॉन्स्टंट’, क्वालिटी १६ ते १८ च्या दरम्यान. ती नवी क्लिप टाइमलाइनवर घ्या.

त्यानंतरही एखाद-दुसरी फ्रेम सरकली तर ते दोन यंत्रांच्या घड्याळांतलं अंतर, ते सगळ्यांकडे असतं. रेकॉर्डरचा आवाज अजिबात कापू नका. चित्र एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जातं त्या प्रत्येक जोडावर पुन्हा जुळवून घ्या.

मागचा कॅमेरा सगळ्यात सोपा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ४५ फूट म्हणजे साधारण १४ मीटर, तिथे पोचायला त्याला ४० मिलिसेकंद लागतात. तुम्ही लहरी बघून आवाजाला आवाज जुळवलात, म्हणून चित्र तेवढं पुढे गेलं. ते एक फ्रेम उशिरा सरकवा.

जुळवायला टाळी वाजवली होती का?

धागाकर्ती

टाळी नाही वाजवली. पण सुरुवातीला गुरुजी हातोडीने तबला मिळवतात ते तिन्ही कॅमेऱ्यांत आहे. गट्ट्यावर (तबल्याच्या वादीखालच्या लाकडी ठोकळ्यावर) हातोडी टेकते ती फ्रेम अगदी स्वच्छ दिसते. आणि शेवटी तिहाईचा ‘धा’.

दिव्यांचं तुम्ही बरोबर ओळखलंत! पहिल्या कायद्यानंतर मागचे दोन दिवे बंद केले होते, गुरुजींच्या डोळ्यांवर येत होते म्हणून.

प्रतिसाद २

मग झालं की. हातोडीवर जुळवा आणि शेवटच्या ‘धा’वर तपासा. पुढच्या वेळी जमलं तर हातांवर खरा कॅमेरा लावा, ५० फ्रेमवर, शटर १/१००. बाकीचे २५ वर, शटर १/५०, म्हणजे ट्यूबलाइटचे पट्टे येणार नाहीत. ५० मध्ये २५ म्हणजे सरळ दुगुन, काही गळत नाही.

धागाकर्ती

चार दिवसांनी लिहितेय. फोनची क्लिप बदलून घेतली, ३० ची टाइमलाइन केली. हातोडीवर जुळवल्यावर शेवटच्या ‘धा’ला फक्त एका फ्रेमचा फरक राहिला, तो एका जोडावर काढला. मागचा कॅमेरा एक फ्रेम उशिरा सरकवला, तोही बसला.

दिवे मंद झाल्यानंतरच्या भागात काही फ्रेम दोनदा येतात, त्याला इलाज नाही हे कळलं. तिथे रेल्याच्या दोन आवर्तनांना समोरचा कॅमेरा वापरलाय.

काल गुरुजींना दाखवलं. त्यांनी ‘धिरधिर’ तीन वेळा मागे घेऊन लावायला सांगितलं, स्क्रीनजवळ वाकून स्वतःचा पंजा बघितला आणि म्हणाले, “इथे माझा अंगठा वर राहतोय. मुलांना सांग, हे घेऊ नका.” ती ओळ आता त्या जागी खाली लिहिणार आहे.

प्रतिसाद २ वाले दादा, कधी कोल्हापुरात आलात तर कळवा, गुरुजींनी बोलावलंय.