मदत हवी आहे: डग अँथनी ऑल स्टार्सच्या क्लिप्स कशा निवडू?

आमच्या पुण्यातल्या ग्रुपमध्ये मला विनोदी संगीतावर 20 मिनिटं बोलायचंय आणि मी ऑस्ट्रेलियाचे डग अँथनी ऑल स्टार्स घेतलेत. 1984 ला कॅनबेरात रस्त्यावर गाणी म्हणत सुरू झालेलं हे त्रिकूट, नाव चक्क माजी उपपंतप्रधानांचं लावलेलं (आपल्याकडे करून बघा!), मग 1989 पासून तिथल्या सरकारी टीव्ही वाहिनी एबीसीवरच्या ‘द बिग गिग’ या विनोदी कार्यक्रमामुळे घराघरात पोचले आणि 1994 ला फुटले.

माझं खरं अडलंय ते पुढच्या भागावर. त्रिकुटातल्या टिम फर्ग्युसनला मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) झाल्यावर तो व्हीलचेअरवर बसून परत स्टेजवर आला, रिचर्ड फिडलरच्या जागी पॉल लिव्हिंग्स्टन आला आणि जुन्यातलाच तिसरा, पॉल मॅकडरमॉट, त्या आजारावरच टिमची खेचायला लागला. मला तर हे जुन्यापेक्षा भारी वाटतं, पण संदर्भ न देता दाखवलं तर लोकांना नुसतं क्रूर वाटेल.

यूट्यूब पालथं घातलंय, तिथल्या बऱ्याच क्लिप्सवर साल नाही, सबटायटल्स नाहीत. एबीसीची ऑनलाइन व्हिडिओ सेवा आयव्ह्यू भारतातून चालत नाही आणि व्हीपीएन वगैरे नकोय. डीव्हीडी प्लेअर आहे, विकत घ्यायची तयारी आहे. समोर साठीच्या पुढचे बरेच जण असतील, त्यामुळे शिव्या जरा बेतात, आणि क्लिप्स मिळून 6 मिनिटांच्या आत.

तर ज्यांनी यांना ऑस्ट्रेलियात टीव्हीवर किंवा प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी सांगा, 1994 च्या आधीचं एक आणि व्हीलचेअरनंतरचं एक अशी कुठली दोन गाणी शेजारीशेजारी लावली तर फरक लगेच कळेल?