हॉटेलसारखी दाट चिली (खिमा-राजम्याचा मसालेदार रस्सा) घरी कशी जमवायची?

प्रश्न: अर्धा किलो खिमा, राजमा, टोमॅटो घालूनही चिली पातळ, आंबट आणि फिकी होते. काय चुकतंय?

उत्तर १: खिमा एकदम घातला की पाणी सुटतं आणि तो परतण्याऐवजी उकडतो. दोन घाण्यांत, मोठ्या आचेवर परता. तळाला तपकिरी थर धरेपर्यंत हलवू नका. रंग तिथूनच येतो. मग कांदा, 2 मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, 2 मोठे चमचे मिरचीपूड, 2 लहान चमचे जिरेपूड तेलातच परता. पाणी घालून थर खरवडा. झाकण न ठेवता मंद आचेवर दीड तास.

उत्तर २: राजमा आधी पूर्ण शिजवा. टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा राजमा लवकर मऊ होत नाही.

उत्तर ३: मिरचीपूड अँचोसारखी (ही एक वाळवलेली मेक्सिकन मिरची) सौम्य, गडद हवी. तिखटजाळ पूड एवढी घातलीत तर घास उतरणार नाही! दाटपणासाठी शेवटी चमचाभर मक्याचं पीठ पाण्यात कालवून घाला.